इरजणावरचं पान

माझं नाव फुलाबाई. सांगवीत मला समदे फटकळ म्हणत्यात, आन् ते काय खोटं न्हाय. मनात आलं की बोलून मोकळी व्हते. भावकी म्हणू नका, पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी म्हणू नका, कुणाची भीड ठेवली न्हाय. पण एकदा, जवा खरंच बोलायचं व्हतं, तवा माझी वाचा बसली. पाच दिस बसली. त्या पाच दिसांत माझा ल्योक जाता जाता ऱ्हायला. आता पाच वर्सं झाली त्याला, तरी गरहण म्हणलं की मला तेच दिस आठवत्यात.

मानसिंग माझा एकुलता ल्योक. त्याला मिसरूड फुटायच्या आत बाप गेला. तवापासनं पाटाखालचं रान म्या आन् माझ्या धाकट्या दिरानं, आबासाहेबानं, संभाळलं. ऊस, वांगी, मिरच्या, कडंला म्हशींपुरता घास. पोरगं हाडापेरानं दांडगं झालं, शेळगावची कौसल्या सून करून आणली. लग्नाला दोन वर्सं झाली न झाली तोवर त्याला संग्रहणी लागली. खाल्लं की पोटात मुरडा, आन् खाल्लेलं समदं बाहेर. भाकरी पचंना, भात पचंना, पेज सुदीक ऱ्हाईना. उसाची मोळी एकट्यानं उचलणारं पोरगं भिंत धरून चालाय लागलं. पाठीवरनं हात फिरवला की मणके मोजता यायचे. म्या मोजायची न्हाय, पण हाताला लागायचे त्याला काय करू?

बारामतीच्या डागदरानं बाटल्या दिल्या. कडू झाल्या, गोड झाल्या, गुण काय येईना. मग त्याच गल्लीतल्या वैद्यबुवांकडं नेला. त्यांनी जीभ बघितली, नखं बघितली, पोट चाचपलं आन् म्हणाले, "फुलाबाई, याला आता अन्न नको. चाळीस दिवस नुसतं ताक. पण ताक गोड पाहिजे, ताजं पाहिजे. आंबट ताक दिलंत तर आपल्या हातानं विष दिल्यासारखं होईल. आणि सुरू केल्यावर मध्ये खंड पडू देऊ नका. या अंगात पुन्हा सोसायची ताकद राहिलेली नाही."

येताना डागदराच्या रिकाम्या बाटल्या परत द्यायला गाडी थांबवली. मला वाटलं, ताकाचं ऐकून हसंल. न्हाय हसला. म्हणला, "द्या की. दही लागतं ते कशानं? त्यात बारीक बारीक जीव असतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण एका बोळक्यात कोट्यवधी. ज्यांना तुमच्या घरचं दूध मानवतं ते वाढतात, बाकीचे मरतात. शेवटी उरतात ती मानवलेल्यांचीच पिल्लं."

"म्हंजी आमी काय किडं खातो व्हय?" म्या म्हणलं. तवा मातर तो हसला. कौसल्या गाडीत पदर तोंडाला धरून बसली व्हती. ती हसली न्हाय. तिनं मनाशी गाठ मारून ठेवली, हे मला मागनं कळलं.

आता माझं इरजण. माझ्या सासूनं मला दिलेलं, तीस वर्सांत एक दिस खाडा न्हाय. कढीला असलं दही आख्ख्या सांगवीत न्हाय. पण आंबट! सकाळी लावलं की सांजंला दात आंबायचे. म्या दोन दिस तेच ताक मानसिंगाला दिलं. म्हणलं, आईच्या हातचं हाय, बाधायचं न्हाय. तिसऱ्या दिशी त्याला दोघांनी धरून परसाकडं न्यावं लागलं. शेजारच्या कुशाबाईचं इरजण आणलं, तेबी तसलंच. पाटाखालच्या गावात समद्यांच्या म्हशी तोच हिरवा घास खाणार, तेच दूध देणार, मग दही तरी निराळं कुठनं येणार? वैद्यबुवांनी निरोप धाडला, ताक थांबवा, पातळ पेजेवर ठेवा, चांगलं दही मिळंपतूर सुरू करू नका.

कौसल्या म्हणली, "आत्याबाई, माझ्या आयेचं दही दुसऱ्या दिशी सुदीक गोड ऱ्हातं."

"व्हय गं बाई, तुमच्या शेळगावचं समदंच गोड," म्या म्हणलं. तरी निरोप धाडला. पोरासाठी काय न्हाय करत माणूस?

वटपौर्णिमेच्या आदल्या दिशी तिचा भाऊ कुंडलिक गाडी घेऊन आला. बघते तर हातात गाडगं न्हाय, बोळकं न्हाय. त्यानं मुंडाशातनं पळसाच्या पानाची पुडी काढली. आत चार बोटं रुंद कापडाची पट्टी, जुन्या धुवट लुगड्याची. दह्यात बुडवून सावलीत वाळवलेली, पापडागत कडक. दीड दिसाच्या वाटंवर दही नासतं, पट्टी नासत न्हाय. त्यातलं इरजण नुसतं निजून ऱ्हातं, कोमट दुधात टाकली की जागं व्हतं. आमच्याकडं लेकी सासरी जाताना अशाच पट्ट्या नेत्यात.

आमच्या म्हशीच्या दुधात ती पट्टी टाकली. सकाळी बघितलं तर खाली पाणी आन् वर तार. पळी उचलली की शेंबडागत लोंबतंय. खरं सांगते, मला जरा बरं वाटलं. ल्योक अंथरुणाला खिळलेला आन् मला बरं वाटलं, बघा माणसाची जात!

कौसल्या रडली न्हाय. पट्टीचा अर्धा तुकडा तिनं राखून ठेवला व्हता. कुशाबाईची गाय व्हती, ती आटत आलेली, तांब्याभर दूध द्यायची. त्या गायीच्या दुधात तो तुकडा टाकला. आन् काय सांगू, सुरीनं कापावं असं दही लागलं, गोड. तिच्या आयेकडं गायीच व्हत्या ना, जिरायती कडब्यावरच्या. पण तांब्याभर दुधात तीन येळचं ताक कुठनं पुरणार? आन् गाय तर दोन म्हयन्यात आटणार.

मग तिनं जे सुरू केलं ते बघून माझा जीव वर यायचा. रोज पाच बोळकी. गायीच्या दुधात आमच्या म्हशीचं एक पळी दूध मिसळायचं आन् पाचीत इरजण लावायचं. सकाळी पाची बोळकी वाकडी करून बघायची, वास घ्यायचा, बोटानं चाखायची. जे समद्यात चांगलं लागलं त्यातलंच दुसऱ्या दिशी पाचीत लावायचं, आन् बाकीची चार कुत्र्याला. कळावं म्हणून बोळक्यांवर चुन्याची टिंबं. दोन दिसांनी म्हशीच्या दुधाची एक पळी वाढवायची, गायीची कमी करायची. कधी पळी वाढवली की पाचीच्या पाची तार धरायची. मग एक पाऊल मागं, पुन्हा चार दिस तितंच.

"अगं, काय खेळ मांडलास?" म्या एकदा ओरडले. "दूध कुत्र्याला आन् नवरा पेजेवर?"

"आत्याबाई, वांग्याचं बी आपण कुठल्या झाडाचं ठेवतो?"

"ज्याला कीड लागली न्हाय त्याचं. त्यात काय इचारायचं?"

"मग ह्येबी तसंच. डागदर म्हणले न्हाईत का, ज्याला हितलं दूध मानवंल तेच वाढंल? एकदम म्हशीचं दूध घातलं तर समदंच मरतं. थोडं थोडं घातलं की काय तरी तगतं. जे तगलं त्याचंच बी धरायचं."

म्या उठून म्हशीला पाणी दावाय गेले.

सवा म्हयना चाललं ते. मानसिंग पेजेवर, दिसागणिक वाळत चाललेला, आन् ही बोळकी वाकडी करती हाय. मी देवाला बोलायची, तिला बोलायची, आबासाहेबाला बोलायची. आन् एका सकाळी तिनं बोळकं माझ्यापुढं उलटं धरलं. निव्वळ म्हशीचं दूध, गायीचा थेंब न्हाय. दही जागचं हाललं न्हाय. चाखून बघितलं, गोड. त्याच दिशी मानसिंगाचं ताक सुरू झालं.

पहिल्या दिशी पोटात ऱ्हायलं. दुसऱ्या दिशी ऱ्हायलं. आठव्या दिशी तो उठून बसला. पंधराव्या दिशी उंबऱ्यापतूर गेला. विसाव्या दिशी वांग्याच्या वाफ्यात जाऊन उभा ऱ्हायला आन् मी घरात तोंडात पदर कोंबून रडले. सुखानं रडले, देवाशपथ!

पण माणसाच्या मनात एकच गोष्ट कधी नसती. कौसल्या म्हणली, "आत्याबाई, तुमचं जुनं इरजण ह्याच्या शेजारी नगं. एक थेंब जरी उडाला तरी आंबट जोर धरंल." बरोबरच व्हतं तिचं. मी माझ्या सासूचं, तीस वर्सांचं इरजण उचललं आन् उकिरड्यात ओतलं. कुणाला दाखवलं न्हाय, पण लई लागलं मला. वरनं मानसिंग येईल जाईल त्याला सांगायचा, "आये, तुझ्या सुनंनं मला माघारी आणलं." मग म्या काय केलं व्हतं? दोन वर्सं त्याचं हागणं-मुतणं कुणी काढलं व्हतं?

त्यात जळोचीहून माझ्या लेकीचा, सिंधूचा सांगावा आला. तिच्या दिराला पोटाचा तरास. "आये, तुझ्या हाताच्या इरजणानं दादा बरा झाला म्हणं, मलाबी पट्टी धाड." तुझ्या हाताच्या! मी सांगावा घेऊन येणाऱ्याला म्हणलं न्हाय की बाबा, माझं न्हाय, सुनंचं. कौसल्याला मागितलं असतं तर तिनं हसत दिलं असतं. पण मागायचं कुणी, सासूनं सुनंपुढं? ती रानात गेलेली बघून म्या माझ्या हिरव्या जुन्या लुगड्याचा काठ फाडला, बोळक्यात बुडवला, कणगीमागं सावलीत वाळवला, पानात गुंडाळून माझ्या पेटीत नव्या लुगड्याच्या घडीत ठेवला. म्हणलं, कोण जळोचीकडं निघालं की धाडीन.

ते झालं आन् चार दिसांनी श्रावणातली अमावास्या आली, आन् त्याच दिशी सूर्याला गरहण.

आमच्या घरचा नेम कडक. वेध लागायच्या आत दूध, दही, तूप, लोणचं, समद्यावर तुळशीचं पान ठेवायचं. पान असलं तर ते चालतं. पान नसलेलं, पाण्याच्या थेंबापतूर, गरहण सुटल्यावर ओतून द्यायचं. अमावास्येला तुळस तोडत न्हाईत, म्हणून म्या आदल्या दिशीच पानं खुडून पितळंच्या वाटीत ठेवली व्हती.

कौसल्याला त्या आदल्याच दिशी कावळा शिवला व्हता. चार दिस तिला घरात यायचं न्हाय, कशाला हात लावायचा न्हाय. ती गोठ्याकडंच्या पडवीत बसलेली. तितनंच मला सांगायची, आत्याबाई, दूध एवढं कोमट करा, आत्याबाई, टिंबवाल्या बोळक्यातलं घ्या, आत्याबाई, झाकण घट्ट नगं. माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी, मला! आन् सांगताना आवाज लोण्यागत मऊ, म्हणून आणखीनच झोंबायचं.

सांजंला म्या तिच्या सांगण्यापरमाणं पाची बोळकी लावली, कोनाड्यात ठेवली. मग पानं ठेवाय लागले. तुपावर ठेवलं, लोणच्यावर ठेवलं, दुधाच्या पातेल्यावर ठेवलं, मानसिंगाच्या दुसऱ्या दिसापुरतं ताक घुसळून ठेवलेलं, त्याच्यावर ठेवलं.

"आत्याबाई, कोनाड्यातल्या बोळक्यांवर पान ठेवा!" पडवीतनं हाक आली.

म्या लोणच्याची बरणी फळीवर सरकवली.

"आत्याबाई, इरजणावर तेवढं पान!"

म्या चुलीतलं लाकूड मागं वढलं.

"आत्याबाई, ऐकलं का?"

ऐकलं व्हतं. तिन्ही हाका ऐकल्या व्हत्या. मनात म्हणलं, मला काय अक्कल न्हाय? गरहणं काय मी आज बघतीया? ठेवते म्हणं, जरा येळानं ठेवते. वाटी फळीवर ठेवली, मानसिंगाचं अंथरूण घालाय गेले, त्याच्याशी दोन शब्द बोलत बसले. आन् इसरले. आता इसरले म्हणते. पण कोनाड्यासमोरनं दोनदा गेले व्हते, नजर तिकडं वळवली न्हाय. ह्याला इसरणं म्हणत्यात का काय म्हणत्यात, तुमीच ठरवा.

दुसऱ्या दिशी सकाळी गरहण लागलं, उन्हाचा रंग उतरला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या. दुपारी सुटलं. आंघोळ केली, पाण्याचे हंडे ओतले, आन् कोनाड्यापाशी आले. पाच बोळकी, एकावर पान न्हाय. फळीवरच्या वाटीत तीन पानं तशीच, सुकलेली.

ठेवावी का तशीच? कुणी बघितलं व्हतं? पण बाटलेलं दही आजारी पोराच्या पोटात घालायचं म्हंजी? काय झालं म्हंजी? माझ्या आजीनं, आयेनं, सासूनं जे पाळलं ते माझ्या हातनं मोडंना. म्या पाची बोळकी उकिरड्यात ओतली, राखेनं घासली, कढत पाण्यानं धुतली आन् उन्हात पालथी घातली. एवढं चांगलं घासलं की वास सुदीक ठेवला न्हाय.

त्या दिसाचं ताक व्हतं, ते मानसिंगानं समदं पिऊन संपवलं, त्यातलं पळीभर इरजणाला राखावं हे मला सुचलंच न्हाय. तो अठ्ठाविसावा दिस. दुसऱ्या सकाळी पडवीतनं हाक आली, "आत्याबाई, दही कसं लागलं?"

"मांजरानं पाडलं," मी म्हणले.

"पाचीबी?"

"पाचीबी."

ती म्हणली, "आबा मामंजींना शेळगावला धाडा. आत्ताच्या आत्ता."

आबासाहेबानं बैल जुंपले. गाडी जाऊन यायची म्हंजी तीन दिस. आन् माझ्या पेटीत, नव्या लुगड्याच्या घडीत, हिरव्या काठाची पट्टी. मला पहिल्याच क्षणाला आठवली व्हती. गाडी पांदीनं वळंपतूर मी दारात उभी व्हते. हाक मारली असती तर आबासाहेब थांबला असता. पण काय म्हणू? की सुनंच्या मागं मी तिचं इरजण चोरलं? लेकीला माझं म्हणून धाडणार व्हते? मग मांजराचंबी बाहेर येणार. आन् पट्टीवर तरी कुठं पान व्हतं? तीबी गरहणात बाटलेली. म्हणलं, शेळगावची पट्टी येतीया ना, भागलं.

गाडी गेली त्या दिशी मानसिंगाला पेज दिली. त्याला कळा आल्या. दुसऱ्या दिशी कुशाबाईकडनं ताक आणून दिलं, पाणी घालून पातळ केलेलं. दुपारनं त्याला पुन्हा परसाकडं न्यावं लागलं, सहा येळा. त्याच्या गालाची हाडं पुन्हा वर आली. कसं इतक्या पटकन येत्यात हाडं? मी पायाशी बसून तळवं चोळायची आन् कान वाटंकडं. गाडीचा खडखडाट झाला की उठायची, दुसऱ्याचीच गाडी असायची. दर घटकंला पेटीपाशी जायची, झाकण उघडायची, लुगड्यावर हात ठेवायची, झाकण लावायची.

"आये, काय शोधतीस?" मानसिंगानं इचारलं.

"काय न्हाय रं बाबा, सुपारी."

गरहणापासनं चौथ्या दिशी कौसल्या न्हाऊन घरात आली. त्याच दिशी सांजंला आबासाहेब पट्टी घेऊन आला. तिनं तिथल्या तिथं दूध कोमट करून लावली. पाचव्या दिशी सकाळी आमी दोघी बोळक्यावर वाकलो. तिनं पळी घातली, उचलली. तार. लांबच लांब तार, आन् खाली पाणी.

"कुशाबाईच्या गायीचं दूध बघ," मी म्हणले.

"गाय आटली, आत्याबाई. आठ दिस झाले." ती खाली बसली. मग पहिल्यांदा रडली. "ह्ये माझ्या आयेचं हाय. आपलं न्हाय. आपलं सवा म्हयना हितं मरत-जगत हितलं झालं व्हतं. शेळगावला आता ते कुठंच न्हाय. कुठंच न्हाय ते आता. पुन्हा पहिल्यापासनं करायचं तर गायीचं दूध न्हाय, आन् ह्यांच्यापाशी तेवढे दिस..."

आतनं मानसिंग कण्हला. पाणी मागितलं त्यानं, पण आवाज असा की बाहेर कुणाला ऐकाय गेला नसता.

मी उठले. पेटी उघडली. आन् ती पुडी तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं पान उलगडलं. हिरवा काठ तिनं लगीच वळखला, त्या लुगड्याला तिनंच दोनदा ठिगळ लावलेलं. पट्टी नाकाशी नेली. तिचे डोळे मोठे झाले.

"ह्ये आपलं हाय," ती म्हणली. "कवा केली?"

"गरहणाच्या आदी चार दिस. सिंधूसाठी. तुला न इचारता."

"म्हंजी पाच दिस, आत्याबाई... पाच दिस पेटीत..."

"व्हय. पाच दिस. आन् मांजर बिंजर काय नव्हतं. पान म्या ठेवलं न्हाय. तुझ्या तिन्ही हाका ऐकल्या व्हत्या मी. ऐकून ठेवलं न्हाय. मग बाटलं म्हणून माझ्या हातानं ओतलं. ह्या पट्टीवरबी पान नव्हतं, कौसल्या. गरहण लागलेली हाय ती. आता तू म्हणशील ते."

मला वाटलं ती वरडंल. बोल बोल बोलंल. तेवढं तरी करायचं! मी वाट बघत व्हते. तिनं माझ्याकडं बघितलंसुदीक न्हाय. उठली, चुलीवर म्हशीचं दूध ठेवलं, बोट बुडवून ऊब बघितली, पट्टी सोडली, बोळकं घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबंला ठेवलं.

तो दिस कसा गेला ते माझं मला ठाव. मी उंबऱ्यात बसले. ऊन भिंतीवरनं अंगणात आलं, अंगणातनं गोठ्यावर गेलं. दोनदा मानसिंगाची छाती वरखाली व्हतीया का बघून आले. त्याच्यापाशी कौसल्या बसलेली, ओठाला पाण्याचं बोट लावत. देवाला म्हणलं, माझ्या नेमाचं पाप-पुण्य काय असंल ते माझ्या टाळक्यात घाल, पण ते दूध लागू दे.

दिस कलला तवा तिनं घोंगडी सोडली. बोळकं हातात घेतलं, वाकडं केलं, आणखी वाकडं केलं. दही हाललं न्हाय.

"थांब," मी म्हणले. "आदी मला दे." पळीभर खाल्लं. गरहणाचं काय व्हायचं असंल तर आदी मला व्हऊ दे, म्हणलं. गोड लागलं. ताक घुसळून तिनं चार चमचे मानसिंगाच्या तोंडात घातले. मग पुन्हा चार. आमी दोघी त्याच्या पोटाकडं बघत बसलो. दिवेलागण झाली तरी त्याला कळ आली न्हाय.

चाळीस दिस पुन्हा एकपासनं मोजले. दसऱ्यापतूर तो दारात बसाय लागला, संक्रांतीला उसाच्या फडात गेला. आज त्याला दोन लेकरं हाईत, आन् मला वळचणीला उभं ऱ्हाऊन दमदाटी करतो की आये, उन्हात फिरू नकोस. सिंधूला पट्टी मग कौसल्यानंच धाडली. तिच्या घरी ती लागली न्हाय म्हणं, जळोचीच्या दुधाला मानवायला दोन म्हयने गेले.

कौसल्यानं त्या दिसाचं कुणाला सांगितलं न्हाय. नवऱ्याला न्हाय, आयेला न्हाय. मला एक शब्द वावगा बोलली न्हाय. मला वाढती, माझं पाय चेपती, आजारी पडले तर उशाशी बसती. फकस्त एक झालंय. रोज सांजंला इरजण लावलं की ती त्यावर तुळशीचं एक पान ठेवती. गरहण असो नसो, रोज. उद्या अमावास्या असली की आज दोन खुडून ठेवती.

आन् तिचे पडवीतले चार दिस आले की ती तितनं हाक मारती, "अवो, ऐकलं का? इरजणावर तेवढं पान ठेवा." मानसिंग रानातनं आलेला असतो, पाय धुतो, आत येतो, पान ठेवतो. मी चुलीपाशीच बसलेली असते.